भिंतीवरची आणि कागदावरची चित्रं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड, परभणी, लातूर इकडचे चित्रकार. कुणी शाळेत चित्रकला शिकवतं, कुणी दुकानांच्या पाट्या रंगवतं, कुणी पुण्या-मुंबईच्या प्रकाशकांसाठी घरी बसून चित्रं काढतं. शिड्या, रंग, कामं आणि अनुभव वाटून घेता यावेत म्हणून एकत्र आलो. भिंतीवर काम चालू असलं की जाणारे-येणारे थांबतात आणि विचारतात. तेच प्रश्न शाळांकडून येतात, तेच फोनवर येतात. म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढली.

भिंतीवर काय काढायचं हे कोण ठरवतं?

त्या भिंतीसमोर रोज राहणारी माणसं आणि आम्ही, मिळून. हे आम्ही एका चुकीतून शिकलो.

बीड जिल्ह्यातल्या एका गावात पेरणीचं चित्र काढत होतो. संदर्भाला मोबाइलवर सापडलेलं एक चित्र घेतलं होतं. बैलजोडी, मागे तिफण म्हणजे पेरणीचं अवजार, आणि सगळ्यांच्या पुढे ओटीत बी घेऊन चालणारी बाई. रेषा छान उतरल्या होत्या, आम्ही खूश होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी एक आजी समोरच्या ओट्यावर येऊन बसल्या. बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "बाई म्होरं कशाला चालंल, लेकरा? चाड्यावर मूठ धरायची तर तिला मागंच चालावं लागतंय." मग उठल्या आणि रिकाम्या हातानं मूठ धरून दाखवली. मूठ आवळायची नाही, पण उघडायचीही नाही. अंगठ्याच्या बाजूनं बी एकसारखं सुटत राहिलं पाहिजे आणि मूठ चाड्याच्या, म्हणजे तिफणीवरच्या बी सोडायच्या वाडग्याच्या, तोंडावर हलकी फिरत राहिली पाहिजे, म्हणजे तिन्ही नळ्यांत सारखं बी उतरतं. तीन फणांची म्हणून ती तिफण. आमच्या चित्रात नळ्या चार होत्या.

आम्ही ती अर्धी भिंत पांढरी केली आणि परत काढली. आता त्या चित्रातल्या बाईचा हात हा त्या आजींचाच हात आहे, नखांपासून मनगटावरच्या गोंदणापर्यंत. तेव्हापासूनचा आमचा नियम असा: खडूनं किंवा कोळशानं आराखडा काढला की तो एक पूर्ण दिवस तसाच ठेवायचा आणि तिथेच बसून राहायचं. रंगाचा डबा त्यानंतरच उघडतो. लोक सांगतात, भांडतात, दुरुस्त्या करतात. चित्र त्यांना ओळखू आलं पाहिजे, एवढीच आमची कसोटी.

शाळेसाठी 'बोलक्या भिंती' करून द्याल का?

आनंदानं. जिल्हा परिषदेच्या शाळांचं काम आम्हाला सगळ्यात जवळचं आहे. फक्त एक विनंती असते: परदेशी कार्टूनमधले उंदीर आणि ससे सांगू नका. आपल्या लेकरांनी अननस क्वचितच पाहिलेलं असतं आणि भिंतीवर 'अ अननसाचा' लिहिलेलं असतं. आम्ही 'अ अंबाडीचा' काढतो, कारण अंबाडीची भाजी त्यांच्या ताटात असते. 'क करडईचा', 'त तुरीचा', 'ज ज्वारीचा', 'ह हुरड्याचा', 'ट टिटवीचा'. करडईचं फूल काढताना पानाचे काटे विसरलात तर तिसरीतलं पोरगंही चूक दाखवतं.

वर्गाच्या भिंतीचा खालचा तीन फुटांचा पट्टा आम्ही मुलांसाठी रिकामा सोडतो. तिथे काळा रंग देऊन फळा करून देतो. वरचं चित्र आमचं, खालचं रोज बदलणारं त्यांचं.

अजिंठ्याच्या शैलीत चित्र काढून मिळेल का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि साहजिकच आहे. लग्नाच्या हॉलपासून हॉटेलांपर्यंत सगळ्यांना पद्मपाणी, म्हणजे हातात कमळ धरलेला अजिंठ्याचा बोधिसत्त्व, हवा असतो. पद्मपाणीची नक्कल आम्ही हॉटेलच्या भिंतीवर काढत नाही. पण अजिंठ्याकडून घेण्यासारखं इतकं आहे की त्यावर थोडं लांबून सांगतो.

पहिली गोष्ट तंत्राची. अजिंठ्याच्या चित्रांना सगळे सर्रास 'फ्रेस्को' म्हणतात. खऱ्या फ्रेस्कोत ओल्या चुन्यावर रंग लावतात आणि गिलावा वाळताना रंग त्यातच मुरतो. अजिंठ्यात तसं नाही. खडबडीत कातळावर मातीचा गिलावा, त्यात भाताचं तूस आणि झाडांचे तंतू कालवलेले. त्यावर चुन्याचा पातळ हात. आणि तो वाळल्यावर डिंकासारख्या चिकट द्रव्यात कालवलेले रंग. लाल आणि पिवळी गेरूची माती, हिरवी माती, काजळीचा काळा, चुन्याचा पांढरा. निळा तेवढा लांबून आलेला, अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या लाजवर्द दगडाचा. बाकी सगळं आसपासच्या मातीतलं. भर उन्हातल्या भिंतींवर आम्ही गेरू आणि पिवळ्या मातीच्या जातीचे रंग भरपूर वापरतो त्याचं कारण हेच. मातीचे रंग ऊन सोसतात. झगझगीत गुलाबी आणि जांभळा दोन-तीन उन्हाळ्यांत विटतो.

दुसरी गोष्ट गोष्ट सांगण्याची, आणि कॉमिक काढणाऱ्या आमच्या मंडळींसाठी ही फार मोलाची. सतराव्या लेणीत विश्वंतर जातकाची, म्हणजे बुद्धाच्या आधीच्या एका जन्माची, कथा भिंतभर आहे. तिथे चौकटी नाहीत. एकच राजपुत्र त्याच भिंतीवर पुन्हा पुन्हा दिसतो: इथे निरोप घेताना, पुढे रथात, पुढे वनात. एक प्रसंग संपून दुसरा सुरू झाला हे सांगायला मधे एखादा खांब, दार, नाहीतर पाठ फिरवून उभा असलेला माणूस. डोळा आपोआप पुढे सरकतो. आमच्याकडे नवीन कुणी कॉमिक शिकायला आलं की पहिल्या महिन्यात त्याला अजिंठा लेण्यांजवळच्या फर्दापूरला घेऊन जातो, आणि वहीत फक्त एवढंच टिपायला सांगतो की चित्रकारानं प्रसंग कुठे आणि कशानं तोडला.

नक्कल न करण्यामागे आणखी एक कारण आहे. रॉबर्ट गिल यांनी 1844 पासून कित्येक वर्षं खपून अजिंठ्याच्या मोठमोठ्या नकला केल्या. त्यांतल्या बहुतेक 1866 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. मग मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आपले विद्यार्थी घेऊन आले. पेस्तनजी बोमनजी त्यांच्यातलेच. 1872 ते 1885 एवढा काळ ते काम चाललं, आणि त्यातलाही बराच भाग 1885 मध्ये लंडनच्याच संग्रहालयातल्या आगीत जळाला. मूळ भिंत मात्र अजून उभी आहे आणि संभाजीनगरहून शंभर किलोमीटरवर आहे. बसनं जाऊन बघून या. हे आम्ही मनापासून सांगतो.

चित्रावर वरून वॉर्निश मारून द्याल का? चकाकेल.

नको. अजिंठ्यातच रंग उठून दिसावेत आणि टिकावेत म्हणून पूर्वी चित्रांवर वॉर्निश आणि लाखेचे हात दिले गेले. ते पुढे पिवळे-तपकिरी पडले, आणि ते काढणं हे जतन करणाऱ्यांचं मोठं काम होऊन बसलं. बाहेरच्या भिंतीला श्वास घ्यायला जागा लागते. आत ओल अडकली की फोड येतात आणि चित्र पापुद्र्यासारखं सुटतं.

कोणती भिंत चालते?

आधी तळहात घासून बघा. हाताला पांढरी भुकटी लागली तर जुना चुना किंवा डिस्टेंपर सुटतोय. त्यावर काहीही काढलं तरी तो थर आपल्याबरोबर चित्रही घेऊन पडणार. तो पूर्ण खरवडून, धुऊन, प्रायमर मारावा लागतो.

मग खाली वाकून जमिनीलगतचा भाग बघा. तिथे लोणा लागला असेल, म्हणजे मिठासारखी पांढरी भुरी आलेली असेल, तर भिंत खालून पाणी ओढते आहे. मराठवाड्यात बोअरचं क्षाराचं पाणी बांधकामाला वापरलेल्या भिंतींवर हे फार दिसतं. आम्ही रंग पातळ करायलाही बोअरचं पाणी घेत नाही, पिण्याच्या पाण्याचा जार आणतो. ओलीची शंका असेल तर फूटभर प्लास्टिकचा कागद चारही बाजूंनी चिकटपट्टीनं भिंतीला लावून रात्रभर ठेवा. सकाळी आतून दव दिसलं तर आधी ओलीचा बंदोबस्त, मग चित्र.

नवा सिमेंटचा गिलावा असेल तर किमान महिनाभर थांबा. ताज्या सिमेंटमधला क्षार रंग खातो आणि निळ्या-लाल भागांवर पांढरट डाग उमटतात. उद्घाटनाची तारीख ठरली आहे म्हणून आठ दिवसांत करून द्या, असं सांगणारे पुष्कळ भेटतात. अशा कामाला आम्ही नाही म्हणतो.

एक भिंत पूर्ण व्हायला किती दिवस लागतात? रंग किती लागतो?

दहा फूट बाय वीस फूट, म्हणजे दोनशे चौरस फुटांची भिंत धरा. खरवडणं, धुणं, प्रायमर यात दोन दिवस. आराखडा एक दिवस आणि तो लोकांना बघायला ठेवायचा एक दिवस. रंगकाम चार ते सहा दिवस, चित्रात माणसं किती आहेत त्यावर. बाहेरच्या भिंतीचा चांगला रंग दोन हातांत लिटरला साधारण पन्नास ते साठ चौरस फूट जातो, म्हणजे नुसत्या पार्श्वभूमीला चार लिटर. वरचे रंग छोट्या डब्यांत येतात आणि बहुतेक खर्च त्यातच होतो.

आराखडा मोठा करायला आमच्यातले जुने पेंटर अजूनही गेरूत बुडवलेला दोरा ताणून भिंतीवर टिचकी मारतात. एका झटक्यात सरळ लाल रेघ उमटते, आणि अशा चौकोनांवरून लहान कागदावरचं चित्र भिंतीवर चढतं. रात्री प्रोजेक्टर लावूनही करता येतं. पण गावात वीज कधी जाईल सांगता येत नाही, दोरा कधीच दगा देत नाही.

उन्हाळ्यात काम करता का?

एप्रिल-मेमध्ये सकाळी सहा ते दहा आणि साडेचारनंतर. दुपारी पश्चिमेची भिंत एवढी तापते की रंग पसरायच्या आधी ब्रशवरच वाळतो आणि फटकारे दिसतात. आमचे चांगले महिने दसऱ्यापासून होळीपर्यंतचे.

परवानगी कुणी काढायची?

काम सांगणाऱ्यानं. शाळा असेल तर मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समितीचं पत्र, गावातली सार्वजनिक भिंत असेल तर ग्रामपंचायतीचा ठराव, शहरात महापालिका किंवा नगरपालिकेची लेखी परवानगी, खाजगी भिंत असेल तर मालकाची सही. तोंडी 'होय' चालत नाही. महाराष्ट्रात मालमत्ता विद्रूपण प्रतिबंधाचा 1995 चा कायदा आहे आणि परवानगीशिवाय रंगवणं हा त्यात गुन्हा आहे, हेतू कितीही चांगला असो. आचारसंहितेच्या काळात आम्ही सार्वजनिक भिंतीला हात लावत नाही. पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित वास्तूंच्या भिंती, जुने दरवाजे, बारवा यांवर कोणत्याही परिस्थितीत नाही.

पैसे घेता का? सामाजिक काम आहे ना?

घेतो. गवंड्याला, सुताराला, इलेक्ट्रिशियनला आपण सामाजिक काम म्हणून फुकट बोलावत नाही. चित्रकाराची दिवसाची मजुरी, रंग, परांची, प्रवास हे सगळं अंदाजपत्रकात वेगवेगळं दाखवतो आणि निम्मी रक्कम काम सुरू होण्याआधी घेतो. जिल्हा परिषदेच्या शाळांना आणि ग्रंथालयांना मजुरीत मोठी सवलत असते. तिथे गावानं राहण्याची आणि दोन वेळच्या भाकरीची सोय केली की भागतं. आमच्यातल्या नव्या मुलांना मात्र त्या कामाचेही पैसे मिळतात, ते आम्ही गटाच्या शिलकीतून देतो.

चित्राचे हक्क कुणाकडे राहतात?

हे प्रत्येक तरुण चित्रकारानं नीट वाचावं, कारण आमच्यातल्या बहुतेकांना हे उशिरा कळलं.

1957 च्या कॉपीराइट कायद्यानं चित्र काढणारा हाच त्याचा पहिला हक्कदार. पण कलम 17 मध्ये एक अपवाद आहे: कुणी मोबदला देऊन चित्र काढून घेतलं, तर वेगळा करार नसल्यास पहिला हक्क काम देणाऱ्याचा. म्हणजे तुम्ही कागदावर काहीच लिहून घेतलं नाही, तर तुमच्या चित्राचे मग, कॅलेंडर, टी-शर्ट दुसरा कुणी काढू शकतो. म्हणून काम कितीही लहान असो, एका पानाचा करार करा: चित्र कुठे, किती काळ, कशासाठी वापरणार आणि हक्क कुणाचे. हक्क लिहून दिले पण मुदत लिहिली नाही, तर कायदा ती पाच वर्षं धरतो.

कलम 57 मात्र चित्रकाराच्या पाठीशी कायम उभं राहतं. हक्क विकले तरी 'हे मी काढलं आहे' असं म्हणण्याचा, आणि चित्राची मोडतोड होऊन आपली प्रतिष्ठा दुखावली तर दाद मागण्याचा अधिकार आपलाच राहतो. दिल्लीच्या विज्ञान भवनातलं अमरनाथ सहगल यांचं ब्राँझचं भलंमोठं भित्तिशिल्प 1979 मध्ये काढून गोदामात टाकलं गेलं. ते कोर्टात गेले. 2005 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला, उरलेलं शिल्प परत करायला लावलं आणि पाच लाखांची भरपाई दिली. वाट पाहावी लागली, पण निकाल आज आपल्या कामी येतो.

तुमचं एखादं चित्र मला वापरायचं आहे. चालेल?

शाळेत, वाचनालयात, हस्तलिखितात, गणेशोत्सवाच्या देखाव्यात खुशाल वापरा. काढणाऱ्याचं नाव खाली वाचता येईल एवढं लिहा आणि चित्र कापू नका. विक्रीसाठी किंवा जाहिरातीसाठी आधी विचारा.

आमच्या एका मैत्रिणीनं ज्वारीची कणसं खुडणाऱ्या बायकांचं चित्र काढलं होतं. काही महिन्यांनी एका दुकानाच्या फ्लेक्सवर तेच चित्र दिसलं. तिची सही खोडलेली होती आणि बायकांच्या हातात कणसांऐवजी दुकानातला माल चिकटवलेला होता. त्या चित्रातली एक बाई तिची आई होती. विचारलं असतं तर तिनं कदाचित नवं चित्र काढून दिलं असतं.

पुढाऱ्यांचे चेहरे, वाढदिवसाचे फलक करता का?

नाही. संतांची, समाजसुधारकांची, मराठवाडा मुक्तिसंग्रामातल्या माणसांची चित्रं करतो. पैठणचे एकनाथ, गंगाखेडच्या जनाबाई, तेरचे गोरोबाकाका ही आमच्या घरातलीच माणसं. जनाबाई काढताना जातं नीट काढावं लागतं: खुंटा कुठे, पाळू कुठे, पीठ कुठून पडतं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संभाजीनगरात 1950 मध्ये उभं केलेलं मिलिंद महाविद्यालय आणि तिथे शिकायला आलेली पहिली पिढी हा आमच्या भिंतींवर पुन्हा पुन्हा येणारा विषय आहे. तिथे आम्ही बाबासाहेबांचा एकटा चेहरा न काढता पुस्तकं घेऊन चालणारी मुलंमुली काढतो, आणि वस्तीतल्या जुन्या माणसांना विचारून काढतो.

कॉमिक म्हणजे मुलांसाठीच ना?

मुलांसाठीही. आमची सगळ्यात जास्त वाचली गेलेली पुस्तिका ऊसतोडीवर आहे. दिवाळीनंतर घर कुलूप लावून निघायचं, नवरा-बायको मिळून मुकादमाच्या वहीत एक 'कोयता', आधी घेतलेली उचल फिटेपर्यंत पाडव्याच्याही पुढे फडावर राहायचं. गोष्ट सांगणारी सातवीतली मुलगी आहे. तिची अर्धी शाळा इथे असते आणि अर्धी कोपीत, म्हणजे फडावरच्या पाचटाच्या झोपडीत, धाकट्या भावाला कडेवर घेऊन. ही पुस्तिका आम्ही आधी ऊसतोड कुटुंबांतच वाचून दाखवली. एका बापानं कोपीचं चित्र पाहून विचारलं, पाचट आतल्या बाजूनं का दिसत नाही? बरोबर होतं. आम्ही ती चौकट बाहेरून पाहून काढली होती. परत आत बसून काढली.

दुःखाच्या, आपत्तीच्या विषयांवर काढताना काय पाळता?

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपानं लातूर आणि उस्मानाबाद (आता धाराशिव) इकडची गावंच्या गावं गेली. आदल्या रात्री गणपती बोळवून माणसं झोपली होती. दगडमातीच्या रुंद भिंती आणि वर मातीचं जड माळवद; उन्हाळ्यात गार राहणारी तीच घरं अंगावर आली. त्या वेळी लहान असलेले लोक आज चाळिशीत आहेत, आणि त्यांच्या आठवणींवर आम्ही एक चित्रमालिका करतो आहोत.

प्रेतं काढायची नाहीत, हे पहिल्याच बैठकीत ठरलं. आम्ही माणसांना विचारतो, जुन्या घराचा नकाशा काढून दाखवाल का? बहुतेक जण काठीनं मातीत काढतात. इथे चूल, इथे धान्याचं बळद, इथे गाय बांधायची, इथून आत्याच्या घराकडे बोळ जायचा. नव्या गावठाणात रस्ते सरळ आहेत, घरं एकसारखी आहेत, आणि तो बोळ कुठेच नाही. मालिकेचं पहिलं पान म्हणजे मातीत काढलेले असे नकाशेच आहेत. ज्यांनी सांगितलं त्यांना छापण्याआधी प्रत्येक पान दाखवतो, आणि 'हे नको' म्हटलं की ते निघतं, कारण विचारत नाही.

कॉमिकमध्ये मराठी अक्षरं नीट बसत नाहीत. काय करावं?

फुगा आधी काढून मग त्यात शब्द कोंबू नका. आधी वाक्य लिहा, मग त्याभोवती फुगा काढा. देवनागरीला वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार असतात, म्हणून दोन ओळींत रोमन लिपीपेक्षा जास्त अंतर लागतं, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफारात घुसतो. 'ग्रामपंचायतीसमोरच्या' असा शब्द एका चौकटीत तोडू नका, वाक्यच बदला. बोलताना माणूस तसंही इतकं लांब बोलत नाही.

हातानं लिहिलेलं अक्षर आम्हाला सगळ्यात आवडतं. त्यासाठी आमचे गुरू म्हणजे पाट्या रंगवणारे पेंटर. फ्लेक्स आला आणि त्यांची कामं गेली, पण हात गेला नाही. आमच्यातले एक काका आधी दोऱ्यानं शिरोरेघ आखतात, डाव्या हातातल्या काठीवर उजवं मनगट टेकवतात आणि 'श्री' एका दमात उतरवतात. दर महिन्याला ते नव्या मुलांचा वर्ग घेतात, त्याची फी त्यांना मिळते. संगणकावर करायचं असेल तर 'बालू' आणि 'मुक्ता' हे फॉन्ट मोफत आणि मुक्त परवान्याचे आहेत. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये मजकूर पाठवू नका, दुसऱ्या संगणकावर त्याचा कचरा होतो.

उर्दू किंवा गोरमाटीतली कॉमिक घेता का?

हो, आणि आणखी हवी आहेत. गोरमाटी, म्हणजे बंजारा लोकांची बोली, देवनागरीत लिहिता येते, फक्त तांड्यातल्या माणसाकडून वाचून घ्या. उर्दूचं काम वेगळं आहे. उर्दू उजवीकडून डावीकडे वाचतात, त्यामुळे चौकटींचा क्रमही उलटतो. मराठी पान आरशासारखं फिरवून भागत नाही. तसं केलं तर सगळी माणसं डावखुरी होतात आणि नऊवारीचा पदर भलत्या खांद्यावर जातो. दोन्ही भाषांत काढायचं असेल तर प्रत्येक चौकट स्वतंत्र काढा आणि क्रम दोनदा लावा.

मला पहिली पुस्तिका करायची आहे, पैसे नाहीत.

ए-फोर आकाराचा एक कागद घ्या. लांबीत चार आणि रुंदीत दोन अशा घड्या घालून आठ घरं पाडा. मधल्या रेषेवर, मधल्या दोन घरांच्या लांबीइतकी एकच चीर द्या. कागद लांबीत दुमडून दोन्ही टोकं आत ढकला की आठ पानांची पुस्तिका तयार होते, पिन लागत नाही. एक पान मुखपृष्ठ, एक मलपृष्ठ, सहा पानांत गोष्ट. घड्या घातल्यावर आधी पानांवर आकडे टाका आणि मग कागद उलगडा; वरच्या ओळीतली पानं उलटी काढावी लागतात हे लगेच कळेल. मूळ कागद काळ्या शाईनं काढा, झेरॉक्स काढा, आठवडी बाजारात वाटा. आमच्यातल्या तिघांची सुरुवात अशीच झाली.

गटात यायला पदवी लागते का?

नाही. एलिमेंटरी, इंटरमिजिएट दिलेली असेल तर चांगलं, एटीडी किंवा बीएफए असेल तरी चांगलं, काहीच नसेल तरी या. आम्ही फक्त स्केचबुक बघतो. फोटोवरून काढलेली देवादिकांची चित्रं नकोत. एसटी स्टँडवर, बाजारात, शेतात समोर बसून काढलेली वीसेक पानं आणा. मुलींच्या घरच्यांना काळजी असते, म्हणून बाहेरगावच्या कामावर किमान दोन महिला सदस्य असतात आणि राहण्याची जागा आम्ही आधी जाऊन बघतो. घरचे भेटायला आले तर चांगलंच.

एआयनं केलेली चित्रं घेता का?

नाही. आमचं अर्धं काम हे भिंतीसमोर बसून लोकांचं ऐकणं आहे. मूठ कशी धरायची हे त्या आजींनी दाखवलं, आणि त्यासाठी तिथे कुणीतरी बसलेलं असावं लागतं.

काम सांगायचं आहे. सुरुवातीला काय पाठवू?

भिंतीचे तीन फोटो: सकाळी नऊचा, दुपारी एकचा, संध्याकाळी पाचचा. ऊन कुठून येतं आणि सावली कुठे पडते ते त्यातून कळतं. एका फोटोत भिंतीला टेकून एखादा मोठा माणूस उभा करा, म्हणजे उंचीचा अंदाज येईल. जमिनीलगतचा भाग जवळून टिपा. आणि संध्याकाळी त्या भिंतीसमोर कोण बसतं, ते दोन ओळींत लिहा.